तोफबाईंची दुपारची मैफल

तोफ हे नाव त्यांना त्यांच्याच विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. अंगाने इतक्या किरकोळ की व्हायोलाची पेटी पाठीला लावली की मागून नुसती पेटीच चालल्यासारखी दिसायची. पण आवाज! संगीतशाळेच्या जिन्यात एकदा त्या एका मुलावर कडाडल्या, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या हातून कात्री पडली. मुलाचा गुन्हा एवढाच, की तारा न जुळवताच तो वाजवायला बसला होता. "तुझे कान घरी विसरलास का रे? जा, घेऊन ये!" त्या दिवसापासून बाईंच्या तोफबाई झाल्या. नाव कानावर आलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तोफ म्हणा, बाँब म्हणा, पण सुरात म्हणा."

तरुणपणी त्या शहराच्या वाद्यवृंदात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची जरा मोठी, जाड आवाजाची बहीण, वाजवायच्या. पुढे बोटांची पेरं सुजायला लागली आणि डॉक्टरांनी वाजवणं बंद करायला सांगितलं. त्या डॉक्टरांना बाईंनी जे ऐकवलं ते तिथल्या नर्सने पुढे बरीच वर्षं लोकांना सांगितलं म्हणतात. वाजवणं सुटलं, शिकवणं सुरू झालं. आणि शिकवताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. मुलं वर्षानुवर्षं बंद खोलीत घासतात, मग टेबलामागे बसलेल्या आंबट चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे वाजवतात, आणि पदवी घेऊन बाहेर पडतात. खरा श्रोता, जो खोकतो, उशिरा येतो, मध्येच डोळे पुसतो, तो त्यांनी पाहिलेलाच नसतो. पहिल्यांदा असे लोक समोर आले की त्यांचे सूर घसरतात.

जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक दालन होतं. लाकडी जमीन, उंच खिडक्या, आणि दुपारभर तिथे फक्त धूळ. आजूबाजूला सगळ्या कचेऱ्या. जेवणाच्या सुट्टीत माणसं पायऱ्यांवर डबे खायची, भिंतीकडे बघत बसायची आणि परत कामाला जायची. बाईंनी या दोन गोष्टींची गाठ मारली. इमारतीचे त्या वेळचे म्हातारे व्यवस्थापक भले गृहस्थ होते. त्यांनी किल्लीच काढून दिली. "जमिनीवर चहा सांडू नका, म्हणजे झालं," एवढीच त्यांची अट.

अशी बुधवारची दुपारची मैफल सुरू झाली. दोन व्हायोलिनं, कधी पियानो आणि गुडघ्यांत उभा धरून वाजवायचा चेलो, कधी चार तंतुवाद्यांची चौकडी. मोठ्या वाद्यवृंदाचा थाट नाही, एका खोलीत मावेल एवढंच संगीत. वाजवणारी सगळी विशी-बाविशीची पोरं. तिकीट नाही. डबा बाहेर खाऊन यायचा, आत बसायचं, गप्प राहायचं. झोप आली तर झोपायची परवानगी होती, घोरायची नव्हती. खुर्च्या मांडायला बाईंचे यजमान यायचे. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. चेहऱ्यावरची रेषही न हलवता विनोद करण्यात त्यांचा हातखंडा होता.

एकदा एक माणूस मैफलीतून उतरताना सोबत्याला म्हणाला, "फुकट आहे ना, मग बरंच आहे." बाई जिन्यात त्याच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "फुकट नाही, मोफत. दोन्हींत फरक आहे. या पोरीने बोटांची सालं काढलीत या अर्ध्या तासासाठी. तुमच्याकडून पैसे घेत नाही, म्हणून लक्षही घेणार नाही असं कोणी सांगितलं?" तो माणूस पुढच्या बुधवारी पुन्हा आला आणि बाईंना बघून सरळ ताठ बसला.

रोजच्यांपैकी एक होते काळ्या कोटातले गृहस्थ. अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणं हा त्यांचा व्यवसाय. तिसऱ्या रांगेत कडेला बसायचे, कोणाशी बोलायचे नाहीत, आणि कधीकधी मध्येच मान लववून उठून जायचे. "गिऱ्हाईक थांबलं असेल," यजमान म्हणायचे. "त्याला कसली घाई?" असं बाई म्हणायच्या.

बाईंच्या बहिणीची मुलगी चेलो शिकायला त्यांच्या घरी राहायला आली, तेव्हा तीही या मैफलीत ओढली गेली. भाची मावशीसारखीच हट्टी, फक्त आवाज खालच्या पट्टीतला. तिने आणखी तिघांना गाठून चौकडी बांधली. त्यात व्हायोला वाजवणारी मुलगी सगळ्यांत लहान, आणि इतकी भित्री की तारा जुळवतानासुद्धा माफी मागते आहे असं वाटायचं. बाईंनी तिला महिनोन् महिने स्वतःच्या हाताखाली घेतलं. ओरडल्या, रडवलं, पुन्हा बसवलं. हळूहळू त्या पोरीचा आवाज चौघांत ऐकू यायला लागला.

मग म्हातारे व्यवस्थापक निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. तरुण, हसतमुख, बोलायला लोण्यासारखे. पहिल्याच भेटीत म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार सुंदर काम करताय. आपण हे वाढवू या."

वाढवायला सुरुवात झाली ती दालनाच्या मागच्या भिंतीपासून. तिथे कॉफीचं यंत्र आलं. संथ जागा आली की नेमकं ते फुस्स करून वाफ सोडायचं. मग उभ्याने खायची उंच टेबलं आली. मग दारावर मोठा फलक लागला : 'जेवा, भेटा, ऐका.' बाईंनी तो वाचला आणि तशाच साहेबांच्या खोलीत शिरल्या.

"ऐका सगळ्यांत शेवटी का?"

"मॅडम, लोकांना दुपारी जरा रिलॅक्स व्हायचं असतं."

"मग घरी जाऊन लोळावं. इथे मुलं वाजवतात."

"मुलांनाही फायदाच आहे की. पूर्वी किती माणसं यायची, आता किती येतात बघा. त्यांना ओळख मिळते."

"पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाकडून कसली ओळख मिळते?"

साहेब हसले. त्या हसण्याने बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरचा भांडला असता तर त्यांना चाललं असतं. हा माणूस भांडतच नव्हता. प्रत्येक वाक्याला मान डोलवायचा आणि पुढच्या बुधवारी आणखी एक टेबल आणायचा. बाई घरी येऊन भांडी आपटायच्या. यजमान म्हणायचे, "तू दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहेस. वरही जाईना, खालीही येईना."

"अहो, मग दुरुस्त करा ना!"

"माणसांचं यंत्र आपल्याकडे येत नाही."

स्फोट झाला तो चौकडीच्या मैफलीला. एका विमा कंपनीने त्या दिवसाचा खर्च उचलला होता. चार भागांची रचना होती, तिसरा भाग संथ. त्याच भागावर मुलांनी सगळ्यांत जास्त जीव टाकला होता, कारण तिथे व्हायोलाला पहिल्यांदा एकटीने बोलायचं असतं. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. दुसरा भाग संपला. मुलांनी गज मांडीवर ठेवले आणि ती तशीच बसून राहिली. बाजूच्या दारातून कंपनीचा एक माणूस माईक घेऊन पुढे आला आणि म्हातारपणाची तरतूद या विषयावर बोलायला लागला. मागे चमचे वाजत होते. यंत्राने फुस्स केलं. चौघं मुलं, साहेबांनी सांगितल्याप्रमाणे, हसऱ्या चेहऱ्याने बसली होती. त्या माणसाचं बोलणं संपल्यावर त्यांनी थेट शेवटचा, पळता भाग सुरू केला.

संथ भाग गाळलाय हे कळायला बाईंना क्षणही लागला नाही. त्या उठल्या. भिंतीपाशी गेल्या आणि माईकची पिन उपटून काढली. खरं तर तोवर माईकची गरज संपली होती, पण काहीतरी उपटायला हवं होतं. मुलं थबकली.

"ही मुलं काय तुमच्या दुकानाबाहेर टांगलेले दिवे आहेत?" त्या विमेवाल्याला म्हणाल्या. "आणि तुम्ही," मागच्या टेबलांकडे वळून, "चमचे खाली ठेवा! घास घशात असताना कान बंद होतात का तुमचे?" चमचे खाली ठेवले गेले. तिथेच त्या थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तोंडाचा पट्टा सुटला होता. त्या वळल्या आणि मुलांवर तुटून पडल्या. "आणि तुम्ही चौघं! कोणाला विचारून गिळलात तो भाग? एक शेंगदाणा टाकला की नाचणारी माकडं आहात का तुम्ही?"

व्हायोलावाली मुलगी खाली मान घालून रडायला लागली. भाची रडली नाही. तिने चेलो आडवा ठेवला, मावशीकडे एकदा बघितलं आणि निघून गेली. कोणीतरी हे सगळं फोनमध्ये टिपत होतं. संध्याकाळपर्यंत निम्म्या शहराने बघितलं आणि पोट धरून हसून घेतलं.

साहेबांनी किल्ली परत मागितली. त्या वेळीही ते हसत होते.

घरी भाची सामान बांधत होती.

"कुठे निघालीस?"

"मैत्रिणीकडे. मावशी, तुझा राग त्यांच्यावर होता, पण मार आम्हाला बसला."

"तुम्ही तो भाग गाळलात! मला न सांगता!"

"सांगितलं असतं तर तू आदल्या दिवशीच भांडून कार्यक्रम रद्द करून घेतला असतास. आम्हाला उरलेला तरी वाजवायचा होता. तुझं वाजवून झालंय, मावशी. आमचं अजून सुरूच व्हायचंय."

हे वाक्य बाईंच्या वर्मी लागलं. त्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिल्या. मग ओरडल्या, "जा! त्या कॉफीच्या यंत्राबरोबर पाचवी साथ धर!"

भाची गेली आणि खरोखरच तिथे वाजवत राहिली. चौकडीही राहिली. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बुधवारी दुपारी त्या कपाटं रिकामी करायच्या आणि पुन्हा भरायच्या. दूधवाल्याशी भांडल्या, बँकेतल्या मुलीशी भांडल्या, एकदा रेडिओशीही भांडल्या. यजमान तेवढ्यात आपली हत्यारं पुसत बसायचे. मात्र व्हायोलावाली मुलगी शिकवणीला यायची बंद झाली, त्या दिवशी ते जेवताना म्हणाले, "माकड म्हणायला नको होतंस." बाईंनी ताट सरकवलं.

एके दिवशी दुपारी दार वाजलं. यजमानांनी उघडलं, तर समोर काळ्या कोटातले गृहस्थ. यजमान म्हणाले, "चुकलात. बाई अजून जिवंत आहेत."

"त्यांनाच भेटायचंय," ते गंभीरपणे म्हणाले.

बाई बाहेर आल्या. इतक्या वर्षांत त्यांच्याशी हे पहिलंच बोलणं. गृहस्थ खुर्चीच्या अगदी टोकावर बसले. "बाई, आमच्याकडे एक सभागृह आहे. मृताच्या नातेवाइकांना शेवटचा निरोप घ्यायला. खुर्च्या आहेत, खिडक्या आहेत. विधी सगळे सकाळी किंवा संध्याकाळी असतात. बुधवारी दुपारी ते रिकामं असतं."

"माझ्या मुलांना मी प्रेताशेजारी बसवू?"

"शेजारी नाही. ती खोली मागे आहे, अंगणापलीकडे. आणि तिकडून कधी तक्रार येत नाही."

यजमानांना ठसका लागला. बाईंना हसू आलं नाही. "तुम्हाला काय पडलंय हो एवढं?"

गृहस्थांनी कोटाची बटणं चाचपली. "मी दिवसभर रडणाऱ्या माणसांशी बोलतो. योग्य तेच बोलावं लागतं. आठवड्यातून एकदा मला कोणाशी काहीच बोलायचं नसायचं, अशी एक जागा होती. परवा गेलो तर शेजारच्याने मला विचारलं, सॉस आहे का." त्यांचा आवाज तसाच मऊ होता, पण कानशिलं लाल झाली होती. "मलाही राग आलाय, बाई. पण मला ओरडता येत नाही. धंदाच तसा आहे."

 बाई उठल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "दाखवा."

सभागृहात त्यांनी मधोमध उभं राहून टाळी वाजवली. आवाज मेलेला. जाड गालिचे, दुपदरी पडदे. "दुःखाला एवढं पांघरूण कशाला हो?" त्या कडाडल्या. गालिचे गुंडाळले, पडदे बाजूला सारले. पुन्हा टाळी वाजवली. या वेळी ती भिंतीपर्यंत जाऊन परत आली.

पण मुलं? एकीच्या आईने फोनवर स्पष्ट सांगितलं, की तिची मुलगी असल्या जागी पाऊल ठेवणार नाही. एका मुलाने होकार देऊन फोन बंद करून ठेवला. शेवटी व्हायोलिन वाजवणारी जुळी भावंडं तयार झाली, तीही पैज लागली म्हणून. पहिल्या बुधवारी खुर्च्या बहुतेक रिकाम्या. एका कचेरीचा पहारेकरी पायरीपर्यंत आला आणि तिथेच थबकला. आत यायला तयार नव्हता, जायलाही नव्हता. त्याने सगळं पायरीवरूनच ऐकलं. शेवटी टाळ्या वाजवाव्यात की नाही ते लोकांना कळेना. "वाजवा!" बाई ओरडल्या. "पोरं जिवंत आहेत!"

त्यानंतर एका दुपारी त्या मुद्दाम टपाल कचेरीच्या दालनात गेल्या. मागच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. भाची आणि तिची चौकडी छोटे छोटे, गोड तुकडे वाजवत होती. शेजारी एक जण फोनवर खिदळत होता. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली आणि तोंड मिटून ठेवलं. भाचीने वाजवता वाजवता त्यांना बघितलं. जिन्यात ती एकटीच खाली आली.

"ओरडली नाहीस?"

"घसा बसलाय."

दोघी दोन पायऱ्या उतरल्या. मग बाई म्हणाल्या, "तुम्हा चौघांना बोलले ते चुकलं. बाकी एक शब्द मागे घेत नाही."

"बाकीचा मी मागतही नाहीये. तुला वाटतं मला राग येत नाही? आता सांगतात, तीन मिनिटांपेक्षा मोठं काही वाजवू नका. परवा एकाने चेलोच्या पेटीवर कप ठेवला."

"मग सोड ना ही जागा!"

"नाही सोडणार. इथे माणसं येतात. शंभरातले दोघं ऐकतात, ते दोघं मला हवेत." ती थांबली. "एखाद्या बुधवारी तुझ्याकडेही येऊ. पण तू तिची माफी मागायची. व्हायोलावालीची. आणि इथे जिन्यात, हळूच, असं नाही. सगळ्यांसमोर बोललीस, तर सगळ्यांसमोर."

बाईंनी आयुष्यात वाद्यवृंदाच्या संचालकांचीही माफी मागितली नव्हती. ते आठ दिवस त्या घरात पिंजऱ्यातल्या वाघिणीसारख्या फिरल्या. त्या आरशापुढे माफीची तयारी करत होत्या, ते यजमानांनी ऐकलं. ते म्हणाले, "हे माफीसारखं वाटत नाही. धमकीसारखं वाटतं."

बुधवारी चौकडी आली. मुलं बिचकत बिचकत बसली. खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या होत्या. व्हिडिओ बघून आलेले काही जण तोफ बघायलाच आले होते. बाई पुढे आल्या. हात मागे बांधलेले.

"मी या मुलांना सगळ्यांसमोर माकडं म्हणाले," त्या गरजल्या. खिडकीची काच थरथरली. "ते मी म्हणायला नको होतं! ही मुलगी," त्यांनी व्हायोलावालीकडे बोट दाखवलं तशी ती खुर्चीत मागे सरकली, "ही घाबरत घाबरत रोज येऊन बसायची. घाबरून वाजवणं न घाबरता वाजवण्यापेक्षा अवघड असतं. मला ते माहीत होतं, तरी मी तिला रडवलं. माझं चुकलं!" मग श्रोत्यांकडे वळून, "बघता काय? माफी मागतेय मी!"

कोणीतरी हसलं. मग व्हायोलावाली मुलगीच हसली, तोंडावर हात घेऊन, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. काळ्या कोटातल्या गृहस्थांनी सवयीने तिच्यापुढे रुमाल धरला. वाजवायला सुरुवात झाली, तेव्हा पहिल्या काही सुरांत तिचा गज थरथरला. नंतर नाही.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. नवे साहेब बढती मिळून आणखी मोठ्या इमारतीत गेले, आणि तिथेही लोक जेवतात, भेटतात, जमलं तर ऐकतात. टपाल कचेरीच्या दालनात अजून गर्दी असते. बाईंकडे ती कधीच झाली नाही. मुलांच्या आया अजून नाकं मुरडतात. भाची परगावच्या वाद्यवृंदात गेली. दर रविवारी फोन करते, आणि पहिल्या दोन वाक्यांनंतर दोघी भांडायला लागतात. यजमान तेवढ्या वेळात बाहेर फिरून येतात. बाईंचा राग कमी झालाय असं कोणीही म्हणत नाही.

मागच्याच हिवाळ्यातली गोष्ट. एक नवखी त्रयी वाजवत होती. पियानो, व्हायोलिन, चेलो. फार सुरेख चाललं होतं. तेवढ्यात अंगणात शववाहिनीच्या नव्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. एकदा, दोनदा. बाई ताडकन उठल्या, मागच्या दाराने बाहेर गेल्या आणि त्या ड्रायव्हरला असं काही फैलावर घेतलं की तो गाडीतून उतरून हात जोडून उभा राहिला. आत कोण वाजवतंय, किती मेहनतीने वाजवतंय, हॉर्न म्हणजे काय आणि तो कशासाठी असतो, सगळं त्याला समजावलं. समाधान झाल्यावर पदर नीट करत त्या परत आल्या.

लोक खुर्च्यांवरून उठत होते. चेलोवाला मुलगा गजाचे केस सैल करत होता. यजमान डोळे पुसत होते.

"संपलं?" बाईंनी विचारलं.

"संपलं. शेवट असा होता म्हणून सांगू," यजमान म्हणाले.

बाई रिकाम्या पियानोकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांना राग आला, आणि या वेळी तो कोणावर काढावा ते त्यांना कळेना.